आद्याक्षरी कविता आणि शब्दकोडी: मराठी अक्षरांनी कशी घडवायची

इंद्रधनुष्याचे रंग आपण सगळ्यांनी शाळेत एकाच मंत्राने पाठ केले: तानापिहिनिपाजा. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. सात शब्दांची पहिली अक्षरं उचलली, ओळीने लावली आणि ती जन्मभर लक्षात राहिली. हे सात तुकडे जरा नीट पाहा. 'हिरवा'मधून 'हि' घेतला आहे, नुसता 'ह' घेतलेला नाही. म्हणजे अक्षर मात्रेसकट मोजलं. 'तांबडा'मधून मात्र 'तां' न घेता 'ता' घेतला, म्हणजे अनुस्वाराला सूट दिली. काय घट्ट धरायचं आणि कुठे सैल सोडायचं, हा मराठी अक्षरखेळांचा मुख्य प्रश्न या पोरवयातल्या मंत्राने परस्पर सोडवून टाकला आहे.

आद्याक्षरी कविता (ओळींची पहिली अक्षरं वरून खाली जोडली की नाव किंवा निरोप उमटतो ती) किंवा शब्दकोडं करायला बसलेली माणसं बहुतेक वेळा इंग्रजी नमुना समोर ठेवतात आणि तिथेच अडतात. रोमन लिपीत सगळा खेळ २६ चिन्हांचा. आपल्याकडे एकट्या 'क'च्या बाराखडीतच बारा रूपं, वर जोडाक्षरं वेगळी. आपलं डोळ्यांचं आणि जिभेचं माप 'अक्षर' हेच आहे. 'की' हे आपल्यासाठी एकच घर, 'क्ती' हेही एकच घर. म्हणून नियमही अक्षरापासूनच बांधायला हवेत. ते कसे बांधायचे आणि त्यांवर कविता नि कोडी कशी उभी करायची, ते पुढे क्रमाने सांगतो.

आधी सूट किती, ते ठरवा

पहिली ओळ लिहिण्याआधी स्वतःशी तीनपैकी एक पायरी पक्की करा.

सर्वांत सोपी पायरी: व्यंजन जुळलं की पुरे. नावात 'मी' असेल तर ओळ 'म'च्या बाराखडीतल्या कोणत्याही अक्षराने सुरू झाली तरी चालेल. दुसरी-तिसरीच्या मुलांसाठी एवढंच ठेवावं. मधली पायरी: मात्रा जुळली पाहिजे, पण ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार माफ. मोठ्यांनी सहसा इथे राहावं. तिसरी पायरी: जसंच्या तसं अक्षर. ही कडक आहे, पण नाव छोटं असेल तर जमते आणि जमली की तिचा आनंद वेगळाच.

जोडाक्षराचं काय करायचं? 'सावित्री'मधल्या 'त्री'साठी त्रिवार, त्रिकाळ, त्रिज्या असे शब्द मिळतात; ऱ्हस्व-दीर्घाची सूट घेतली की काम झालं. 'अनन्या'तल्या 'न्या'साठी न्याय आहे, न्यारी आहे. पण 'भक्ती'तल्या 'क्ती'ने सुरू होणारा शब्द कोशात सापडायचा नाही. अशा वेळी स्वर ज्या व्यंजनावर बसला आहे ते धरावं: भ, ती. एकदा हा नियम घेतला की त्या कवितेत तो शेवटपर्यंत पाळायचा. अर्ध्यात बदलला तर वाचणाऱ्याला नाव लागत नाही.

एक जुना नमुना, ओळ न ओळ

मराठीत या प्रकारचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे समर्थ रामदासांनी शिवाजी महाराजांना धाडलं असं परंपरेने सांगितलं जाणारं ओवीबद्ध पत्र. ते खरोखर समर्थांचंच का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. रचना म्हणून मात्र ते समोर ठेवून शिकण्यासारखं आहे. वरवर वाचलं तर विवेकाचा उपदेश. ओळींचे नुसते पहिले शब्द घ्या:

विवेके, जाणार, पुढील, रहाटोचि;
चालो, सत्यता, रघुवीरकृपा, दासमाहात्म्य;
रजनीनाथ, नित्य, घालिताती, लाविले;
आदिमाया, हेचि, एकांती, इष्ट.

आता आद्याक्षरं जोडा: वि-जा-पु-र-चा स-र-दा-र नि-घा-ला आ-हे. विजापूरचा सरदार निघाला आहे! हा सरदार म्हणजे अफझलखान, असा याचा अर्थ लावतात.

कारागिरी बघा. 'विजापूर'मधला 'पू' दीर्घ, पण ओळ 'पुढील'ने सुरू होते. म्हणजे आपली मधली पायरी. 'र' तीनदा लागतो आणि तिन्ही वेळा शब्द वेगळा: रहाटोचि, रघुवीरकृपा, रजनीनाथ. नवखा माणूस इथे एकच शब्द पुन्हा वापरतो आणि वाचणाऱ्याला लगेच वास लागतो. निरोपाची अक्षरं चौदाच आहेत, पण ओवी चार चरणांची. चौदावर थांबलं तर चौथी ओवी लंगडी राहील. म्हणून 'एकांती' आणि 'इष्ट' अशा दोन ओळी वर घातल्या. निरोप संपला तरी ओवी पुरी झाली. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, 'नित्य', 'सत्यता', 'पुढील' हे शब्द इतके साधे आहेत की अक्षरासाठी ओढून आणले असं कुठेच वाटत नाही. आद्याक्षरीची परीक्षा हीच. नाव दडलेलं आहे हे ठाऊक नसलेल्या माणसालाही ती कविता म्हणून वाचता आली पाहिजे.

आता आपण एक करू: गोदावरी

कागदावर चार अक्षरं एकाखाली एक लिहा: गो, दा, व, री. प्रत्येकासमोर सुचतील तितके शब्द टाका. 'गो'साठी गोष्ट, गोड, गोठा, गोरज, गोफ, गोंधळ. 'दा'साठी दार, दाट, दाणा, दान, दाह. 'व' तर भरभरून देतो: वड, वन, वस्ती, वळण, वर्षा. 'री'पाशी आलात की गाडी अडते. रीत, रीघ, रीळ... आणि संपलं.

म्हणून पहिला धडा: कविता वरून खाली लिहू नका. सगळ्यात अवघड अक्षराची ओळ आधी लिहा. बाकीच्या ओळींना शब्दांची निवड आहे, या ओळीला नाही. तेव्हा बाकीच्यांनी हिच्याशी जुळवून घ्यायचं.

'री'च्या तीन शब्दांत 'रीघ' सर्वांत चांगला, कारण त्यात हालचाल आहे, चित्र आहे. गोदेच्या घाटावर संध्याकाळी पाण्यात सोडलेले द्रोणातले दिवे एकामागोमाग एक जातात. ओळ मिळाली: 'रीघ लागली दिव्यांची'. अक्षरं मोजा: आठ. छंदही आपोआप ठरला. अष्टाक्षरी हा मराठी कानाला फार जवळचा आणि अक्षरंच मोजायची असल्याने या खेळाला फार सोयीचा. लघु-गुरूची, म्हणजे आखूड-लांब उच्चाराची कटकट नाही.

शेवट 'ची'वर झाला, तर पहिली ओळही 'ची'वर आणून यमक साधता येईल. पहिल्या झपाट्यात हाताला असं काही लागतं:

गोड तुझे पाणी फार,
दान देशी तू अपार...

मोजायला आठ आठ अक्षरं बरोबर, पण हे खोडून टाका. याला माझी एक कसोटी आहे: 'गोदावरी'च्या जागी कृष्णा किंवा तापी ठेवून पाहा. ओळ तशीच चालली तर ती गोदावरीची नाही. वाढदिवसाच्या आणि निरोप समारंभाच्या शेकडो आद्याक्षरी इथेच फसतात. प्रेमळ, हुशार, मनमिळाऊ अशी विशेषणं उतरंडीने लावली की माणूस हरवतो. त्या माणसाची एक सवय, एक वस्तू, एक जागा पकडा.

दिव्यांचं चित्र हाताशी होतंच, त्याच्याभोवती बाकीच्या तीन ओळी विणल्या:

गोष्ट जुनी या घाटाची,
दाट धुके काठावर;
वळणाच्या पाण्यावर
रीघ लागली दिव्यांची.

पहिली आणि चौथी, दुसरी आणि तिसरी अशी यमकं. नाव कळलं नाही तरी घाट दिसतो.

अक्षर ठळक करायचं असेल तर मात्रेसकट पूर्ण अक्षर ठळक करा. 'रीघ'मधला नुसता 'र' जाड केला तर वेलांटी पातळ राहते आणि छपाई विद्रूप होते.

ण आणि ळ यांचं काय?

मराठीत 'ण' आणि 'ळ' यांनी शब्द सुरू होत नाहीत. आणि आपली अर्धी लाडकी नावं यांनीच भरलेली: कोकण, वेरूळ, तुळस, बाळ, मृणाल. 'ळ'च्या जागी 'ल' घालून वेळ मारून नेणं मला पटत नाही. 'ळ' हे आपलं ठसठशीत अक्षर आहे, त्याला असं हाकलू नये. त्यापेक्षा नावाचा रकाना पहिल्या जागेवरून हलवा.

कुठे हलवायचा? अष्टाक्षरीत चौथ्या अक्षरावर वाचणारा नैसर्गिकपणे क्षणभर थांबतो. म्हणून चौथी जागा सर्वांत सोयीची. आणि इथे मराठी आपल्या मदतीला एक खास फौज पाठवते: चमचम, झुळझुळ, सळसळ, खणखण, छणछण, फडफड. असे अनुकरणवाचक शब्द बरोबर चार अक्षरांचे असतात, ओळीचा पहिला अर्धा भाग भरून काढतात, आणि हवं ते अक्षर चौथ्या जागी आणून ठेवतात. 'ण' हवा? खणखण. 'ळ' हवा? सळसळ. 'ड' हवा? फडफड.

'कमळ' हे नाव असं बसतं:

एकटक पाहे पाणी,
चमचम दव पानी,
झुळझुळ वारा रानी.

सगळ्या ओळी अशाच शब्दांनी भरू नयेत, कविता खुळखुळ्यासारखी वाजायला लागते. नावातल्या अडचणीच्या अक्षरापुरता त्यांचा आधार घ्यावा. दुसरा मार्ग म्हणजे फक्त शेवटचं अक्षर शेवटच्या ओळीच्या अखेरीस ठेवायचं. 'कोकण'साठी दोन ओळी पुरतात: पहिली 'को'ने सुरू, दुसरी 'क'ने सुरू होऊन 'ण'वर संपणारी.

मंगलाष्टकात नाव गुंफायचं असेल तर

लग्नघरातून ही मागणी हमखास येते, म्हणून सविस्तर सांगतो. मंगलाष्टकं बहुधा शार्दूलविक्रीडित या वृत्तात असतात. ओळीत १९ अक्षरं, बाराव्यावर यती (थांबा), आणि सुरुवातीची तिन्ही अक्षरं गुरू. इथेच नावं अडतात. नवरदेवाचं नाव 'अमित' घ्या. अ, मि, त ही तिन्ही अक्षरं लघू. ओळीच्या पहिल्या जागी गुरू हवा, मग ही बसणार कशी?

लघू अक्षराच्या पुढे जोडाक्षर आलं आणि उच्चारात आघात पडला की ते गुरू होतं. तेव्हा शब्द शोधताना अट घाला: दुसरं अक्षर जोडाक्षर हवं. 'अ'साठी 'अग्नी साक्ष', 'मि'साठी 'मित्रांच्या', 'त'साठी 'तत्त्वांचा'. तिन्ही ठिकाणी पहिली तीन अक्षरं गुरू होतात, म्हणून पाहा. एवढी किल्ली हातात आली की उरलेली ओळ नेहमीच्या कष्टाची. 'राधा', 'सायली' अशा दीर्घ सुरुवातीच्या नावांना ही अडचण कमी येते.

शब्दकोडं: आधी चौकोन, मग जाळं

शब्दकोड्याचा आजचा अवतार विसाव्या शतकातला. २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात आर्थर विन यांनी पहिलं कोडं छापलं. त्याचा आकार शंकरपाळ्याचा होता. तिथून ते जगभर गेलं आणि मराठी दैनिकांतही कायमचं घर करून बसलं.

मराठीत ते रचणं अवघड का, हे आधी समजून घ्या. आडवा आणि उभा शब्द जिथे छेदतात तिथे अख्खं अक्षर मात्रेसकट सारखं हवं. 'कागद' आणि 'कमळ' यांची सुरुवात रोमन लिपीत एकाच अक्षराने होते; आपल्याकडे 'का' आणि 'क' ही दोन निराळी घरं. म्हणून मराठी कोड्यात काळी घरं जास्त पडतात. त्यात कमीपणा मानू नका.

सराव तीन गुणिले तीनच्या शब्दचौकोनाने करा. यात आडव्या ओळी आणि उभे रकाने सारखेच शब्द देतात:

ब द क
द ग ड
क ड क

आडवं वाचा, उभं वाचा: बदक, दगड, कडक. असा चौकोन जमायला बिनमात्रेची अक्षरं लागतात. आता तुमच्यासाठी एक. पहिली ओळ तराजूत कळते, दुसरी म्हणजे जोरदार, तिसरी स्वर्गाच्या विरुद्ध. (उत्तरं सगळी शेवटी दिली आहेत.)

हा हात बसला की जाळं विणा. पहिल्यांदा चार गुणिले चारच घ्या. मधोमध छेदणाऱ्या घरांत र, क, त, न, स, ल, म, ब, द, ग अशी मोकळी अक्षरं येतील असे शब्द निवडा. मात्रेची अक्षरं जिथे छेद नाही अशा घरांत ढकला. त्याला एक सुंदर अपवाद आहे. मराठी शब्दांचे शेवट ठरावीक असतात: वा, ला, री, णी, ळी. म्हणून दोन शब्द एकाच घरात *संपत* असतील तर मात्रेचं अक्षरही सहज जुळतं. खालच्या जाळ्यात 'तवा' आणि 'दवा' असेच एका घरात येऊन मिळाले आहेत.

| १ स | र | २ ब | ३ त |
| ह | ■ | ४ द | वा |
| ५ ल | ६ च | क | ■ |
| ■ | हा | ■ | ■ |

सोळा घरांत सात शब्द: आडवे सरबत, दवा, लचक; उभे सहल, बदक, तवा, चहा. मी सुरुवात 'सरबत'पासून केली, कारण चारही अक्षरं बिनमात्रेची. त्याखाली 'सहल' आणि 'बदक' सोडले, त्यांची शेवटची अक्षरं ल आणि क, मधे एक घर रिकामं: ल-?-क. तिथे 'लचक' बसला आणि त्याच्या 'च'ने खाली 'चहा' दिला. जाळं असं आतून वाढवायचं असतं. एक शब्द ठेवला की तोच पुढचा प्रश्न विचारतो.

आकडे घालण्याची रीत सोपी. डावीकडून उजवीकडे, वरून खाली जात राहा. ज्या घरातून आडवा किंवा उभा शब्द *सुरू* होतो त्यालाच क्रमांक द्या. वरच्या ओळीतल्या 'र'खाली काळं घर आहे, म्हणून त्याला क्रमांक नाही.

शब्द निवडताना मूळ रूपच घ्या. 'घराला', 'जाताना' अशी रूपं घालून जागा भरणं म्हणजे सोडवणाऱ्याशी दगाबाजी. लेखनात साहित्य महामंडळाचे नियम पाळा. 'पाणि' लिहून छेद जुळवलात तर ज्याला शुद्धलेखन येतं त्याचंच कोडं अडेल. आणि जोडाक्षराला, रफाराला, अनुस्वारासकटच्या अक्षराला एकच घर, हे कोड्याच्या वर एका ओळीत छापा.

सूचक ओळी लिहिताना

जाळं ही सुतारकी. कोड्याचा जीव सूचक ओळींत असतो. 'दवा'साठी 'औषध' असं लिहिलं तर कोशाची परीक्षा झाली. आपल्या सात शब्दांसाठी मी असं लिहीन:

आडवे: १. उन्हातून आलेल्या पाहुण्याच्या हाती आधी हे (४). ४. वेळेवर घेतली तर दुखणं पळतं (२). ५. पाठीत भरली की वाकता येत नाही (३).

उभे: १. डबे घेऊन निघालेला अख्खा वर्ग (३). २. पाण्यात डौलदार, जमिनीवर डुलत (३). ३. भाकरी आधी याच्यावर, मग निखाऱ्यावर (२). ६. दारी आलेल्याला न देता पाठवलं तर घरचे रागावतात (२).

कंसातला आकडा अक्षरांचा. तो नेहमी द्या.

थोड्या सरावलेल्या लोकांसाठी उलटापालटीच्या सूचक ओळी फार मजेच्या होतात. मराठीत दोन अक्षरी शब्द उलटा केला की अनेकदा दुसरा शब्द मिळतो. 'डाव उलटला की तळायला घ्या (२)': वडा. 'शेतात उलटं काम (२)': मका. 'उलटी वाहिली की गरीब होते (२)': नदी. अशा ओळीत दोन गोष्टी असाव्याच लागतात, उत्तराचा अर्थ आणि अक्षरांचा व्यवहार. 'डाव' आणि 'उलटला' हा व्यवहार, 'तळायला घ्या' हा अर्थ. एक जरी वगळली तरी सोडवणाऱ्याला न्याय मिळत नाही.

लहान खेळ, जे पाच मिनिटांत करता येतात

*अक्षर काढण्याचं कोडं.* आजीच्या तोंडच्या कोड्यांचा हा घाट. तीन अक्षरी असा शब्द शोधा, की कोणतंही एक अक्षर काढलं तरी अर्थ उरतो. मला यातला सर्वांत गोड सापडलेला शब्द असा:

तीन अक्षरी नाव माझं, पाणी माझं खारं;
पहिलं काढा, फणसात सापडेन;
मधलं काढा, भातावर वाढाल;
शेवटचं काढा, दारं-खिडक्या घडवाल.

सागर. पहिलं गेलं की गर, मधलं गेलं की सार, शेवटचं गेलं की साग. असाच दुसरा शब्द तुम्ही शोधा: त्यात माणसांची वस्ती आहे, पहिलं काढलं की पुन्हा फणस, मधलं काढलं की पुरुष, शेवटचं काढलं की दागिना किंवा मोजायची वस्तू.

*वाक्यात लपलेलं नाव.* 'लोभी माणूस दारात थांबला.' लोभी माणूस, म्हणजे भीमा. नाव दोन शब्दांच्या सांध्यावर बसवायचं. 'मांजराला दूध दे' यात मांजरा नदी आहे खरी, पण शब्दाच्या तोंडाशीच असल्याने ती लपलेली नाही. करायची रीत अशी: नाव मधे तोडा, पहिल्या तुकड्याने *संपणारे* शब्द एका बाजूला, दुसऱ्याने *सुरू* होणारे दुसऱ्या बाजूला, मग अर्थ जुळणारी जोडी निवडा. या चार वाक्यांत चार नद्या आहेत:

पिता पीठ दळायला निघाला.
आजोबांनी रात्री गोष्ट सांगितली.
आंब्याची कोय नाल्यात पडली.
मातीचा कप वनातच राहिला.

*शब्दशिडी.* एका वेळी एकच अक्षर बदलत एका शब्दावरून दुसऱ्यावर जायचं, मधली प्रत्येक पायरी अर्थाची हवी. हा खेळ 'अॅलिस'च्या कथा लिहिणाऱ्या लुईस कॅरल यांनी १८७० च्या दशकात काढला. मराठीत तीन अक्षरी बिनमात्रेच्या शब्दांवर तो उत्तम चालतो. 'वचन' दिलं आणि 'मदत' पोचली, मधे फक्त दोन पायऱ्या. कोणत्या?

*विलोमवाक्य.* म्हणजे सरळ वाचा की उलट, सारखंच राहणारं वाक्य. 'चिमा काय कामाची', 'रामाला भाला मारा', 'तो कवी डालडा विकतो' ही सगळ्यांना पाठ आहेत. नवीन करायचं तर उलटून अर्थ देणारी जोडी घ्या आणि मधे 'हा' किंवा 'ही' ठेवा. नदी-दीन या जोडीतून: 'नदी ही दीन'. सदा-दास यातून: 'सदा हा दास'. दोन्ही उजवीकडून वाचून पाहा. हा नाद लागला की पाथरीच्या दैवज्ञ सूर्यकवींचं रामकृष्णविलोमकाव्य काय ताकदीचं आहे ते कळतं: संस्कृत श्लोक सरळ वाचले की रामकथा, उलट वाचले की कृष्णकथा.

*ओठ न लावता.* बारामतीच्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) रामायण १०८ परींनी रचलं, त्यातलं एक निरोष्ठ रामायण. प, फ, ब, भ, म ही अक्षरं वर्ज्य. विचार करा, 'म' वर्ज्य म्हणजे 'राम' हे नावच घेता येत नाही, आणि कथा तर रामाची! नामांऐवजी सगळा भार विशेषणांवर आणि नात्यांवर टाकावा लागतो. मुलांसाठी याचा सोपा खेळ होतो. ओठांच्या मधे आडवी पेन्सिल हलकेच धरा आणि पेन्सिल न दाबता बोलता येईल असं वाक्य करा. 'आजी अंगणात रांगोळी काढते' हे चालतं. 'मी भाकरी खातो' म्हणताना पहिल्याच अक्षराला ओठ मिटतात. अनुस्वाराकडेही लक्ष हवं: 'कंठ' चालेल, 'कंबर' नाही.

साधनं

शब्द अडला की कोश उघडा, त्यात कमीपणा नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश दोन्ही इंटरनेटवर शोधून चाळता येतात. 'री', 'ढा', 'घै' अशा अडेल अक्षरांसाठी ते पान सरळ वाचून काढावं. बोलीतला एखादा विसरलेला शब्द हाती लागतो आणि ओळ उजळते.

कोडी बनवून देणाऱ्या संकेतस्थळांवर मात्र डोळे झाकून विसंबू नका. संगणकाच्या लेखी 'की' म्हणजे 'क' आणि वेलांटी अशी दोन चिन्हं. साधं साधन ती दोन घरांत फोडतं आणि शब्द उलटा करताना वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटवतं. आधी 'किल्ली' हा शब्द घालून पाहा. त्याची दोन घरं झाली तर साधन मराठी जाणतं. जास्त झाली तर सोडून द्या. तक्त्याच्या साध्या पानावर प्रत्येक घरात एक अक्षर टंकणं हा सर्वांत खात्रीचा मार्ग.

छापण्याआधी कोडं किंवा कविता घरातल्या कुणाला तरी द्या आणि शेजारी बसून गप्प राहा. सूचक ओळ समजावून सांगायची इच्छा झाली की त्या ओळीवर खूण करा. ती पुन्हा लिहायची आहे.

उत्तरं

शब्दचौकोन: वजन, जबर, नरक. अक्षर काढण्याचं कोडं: नगर (गर, नर, नग). लपलेल्या नद्या: तापी, नीरा, कोयना, पवना. शब्दशिडी: वचन, वदन, मदन, मदत.